वैमानिकाशेजारची सीट

संगणकावर उडवायचं विमान मी घडवत होतो. पंखांची लांबी, वजनं भरली की सॉफ्टवेअर ते कसं उडेल याचा अंदाज सांगतं. माझं मात्र महिनाभर नाक वर करून कोसळत होतं, अगदी माझ्यासारखं! पैठणच्या एसटीत शेजारचे काका लॅपटॉपमध्ये डोकावले.

"मागं लई भरलंय, साहेब. पुढं सरकवा."

विमानतळावर सामान भरण्यात जन्म गेला, म्हणाले. मी इंजिनीअर; मुकाट्यानं वजन पुढं सरकवलं. विमान उडालं! काकांचा पालथा हात नकळत विमानासारखा वर सरकत गेला.

"तुम्ही विमानात बसलात कधी, काका?"

"नाय. नुसतं भरून पाठवलं."

ते चितेगावला उतरले. घरी येऊन वैमानिकाशेजारच्या रिकाम्या सीटवर मी अंदाजानं पन्नास किलो भरले. काका हाडकुळेच होते.