दिरानं सोललेली टेकडी

लॉन्ड्रीवाल्या काकूंचा राग सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता. इस्त्री तापायला वेळ लागतो, काकूंना लागत नाही, असं समोरचा सायकलवाला म्हणायचा. पण तो राग बोलून मोकळा होणारा. त्या दिवशी मात्र काकू नुसत्या गप्प बसल्या आणि त्यांच्या नवऱ्याला धसकाच बसला.

कारण समोर पडलं होतं. सूतिकागृहाकडे धुऊन पाठवलेल्या चादरींचं गाठोडं जसंच्या तसं परत आलं होतं. चादरींवर पिवळट झाक होती, हात फिरवला तर बारीक कच लागत होती. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी निरोप धाडला होता की काल जन्मलेल्या लेकरांना असल्या कापडावर निजवायचं का, ते काकूंनीच येऊन सांगावं.

काकूंची लॉन्ड्री घराच्या मागच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर. ओढ्याचं पाणी पंपानं टाकीत चढायचं आणि तिथं कपडे खळबळायचे. आदल्या दुपारी पाऊस झाला, तोही फार नाही. पण ओढ्याला जे आलं त्याला पाणी म्हणायची सोय नव्हती. रंगाऱ्यानं डबा उपडा करावा तसं सगळं तांबडं आणि दाट. काकूंच्या लक्षात येईपर्यंत अर्धी टाकी भरली होती, चादरी त्याच पाण्यातून निघाल्या होत्या आणि पंप घशात घास अडकल्यासारखा खोकत होता.

माती कुठून आली हे विचारायची गरज नव्हती. पलीकडच्या टेकडीवर बंगले व्हायचे होते आणि टेकडी सपाट करायचं काम काकूंच्या धाकट्या दिरानंच घेतलं होतं.

हा दीर काकूंच्या हातचा. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती. सासूबाई लवकर गेल्या, मग त्याचं आजारपण, शाळा, पहिली नोकरी, सगळं काकूंनीच निभावलं. टेकडीचं काम मिळालं तेव्हा तो आधी वहिनीकडे आला होता. इस्त्रीच्या टेबलावर नकाशा पसरून कौतुकानं दाखवत होता: टेकडी एका वेळी एकाच बाजूनं उघडायची, ओढ्याकाठची झाडं तशीच ठेवायची, आणि वरचं गढूळ पाणी आधी खड्ड्यात निवळू देऊन मगच खाली सोडायचं. इंजिनिअर किती बारीक विचार करतात बघा, असंही वर म्हणाला होता.

काकू उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि पूल ओलांडून टेकडीवर गेल्या.

टेकडी सोललेली होती. एक बाजू नाही, सगळीच्या सगळी. गवताचं एक पातं शिल्लक नव्हतं. काठावरची झाडं मुळांसकट आडवी पडली होती. वरची काळी माती ओढ्याच्या तोंडाशी ढकलून ठेवलेली, आणि पावसानं तिला घळी पडलेल्या. खड्ड्याचा तर पत्ताच नव्हता.

दीर मशीनपाशी उभा होता. वहिनीला बघून हसला, खुर्ची मागवली. काकू बसल्या नाहीत. खड्डा कुठं आहे, एवढंच त्यांनी विचारलं. तो म्हणाला की मशीन पुढच्या कामावर न्यायची होती, म्हणून सगळं एकदमच उरकलं. खड्डा नंतर होईल.

"नंतर म्हणजे सगळी टेकडी माझ्या टाकीत आल्यावर?"

"अहो वहिनी, माती आहे ती. धुतली की जाते. तुम्हाला मी सांगायचं का?"

"कशानं धुऊ? ज्या पाण्यानं धुवायचं त्यातच तू कालवलीस." काकूंचा आवाज चढला नव्हता. "तुला कळत नसतं तर मी गप्प बसले असते. माझ्याच टेबलाशी बसून सगळं वाचून दाखवलंस तू."

तो मान फिरवून ड्रायव्हरशी बोलू लागला. काकू परतल्या.

घरी वाळवणाच्या जागेत घोटाभर गाळ साचला होता. मग त्यांनी तेच गाठोडं उचललं आणि टेकडीच्या रस्त्यालगतच्या कुंपणावर, बंगल्यांच्या जाहिरातीच्या फळीला लागून, एकेक डागाळलेली चादर चिमटे लावून टांगली. नवरा म्हणाला, घरातलं भांडण चव्हाट्यावर नको. काकू म्हणाल्या, ओढा काही आपल्या घरातला नाही.

सुट्टीच्या दिवशी बंगले बघायला आलेल्या माणसांनी गाड्या थांबवल्या. काकू तिथंच उभ्या होत्या. ज्यानं विचारलं त्याला त्या नेऊन ओढा दाखवत होत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खाली वाकून घळीत काठी घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. इथं घर बांधलं तर ते आधी ओढ्यात जाईल की आपण, असं ते बायकोला म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

बंगल्यांच्या मालकाला घाम फुटला. दिराची खरडपट्टी निघाली आणि मशीन परत आली. खड्डा खणला, काठानं दगडांचा बांध घातला, उघड्या उतारावर पेंढा पसरून गवत पेरलं.

दीर संध्याकाळी घरी आला तो दारातच उभा राहिला. "माझी अब्रू टांगलीत तुम्ही कुंपणावर."

"चादरी टांगल्या," काकू म्हणाल्या. "रंग तुझा होता."

तो पाय आपटत गेला, तो आजवर आलेला नाही. भावाला फोन करतो, वहिनीचं नाव काढत नाही.

ओढ्याचं पाणी हळूहळू निवळलं. सूतिकागृहाचं काम सुटलं नाही, कारण मोठ्या सिस्टर स्वतः येऊन कुंपण बघून गेल्या होत्या. पण वळणावरचा खोल डोह बुजला तो बुजलाच. त्यातले मासे गेले, काठावरची सावली गेली; ती झाडं पेंढ्यातून उगवणार नव्हती. लोक म्हणतात, काकू जिंकल्या. असं कुणी म्हटलं की काकू त्याला बुजलेल्या डोहापाशी नेतात, कोरड्या गाळावर उभं करतात आणि म्हणतात, "इथं माझ्या गळ्याएवढं पाणी होतं. आता बोल."