चुंबकाचा आवाज

त्या मे महिन्यात आमचा चुंबक आवाज करायला लागला.

मोठा आवाज नव्हता. थंड काचेच्या पेल्यात गरम पाणी ओतल्यावर जसा बारीक टक् होतो, तसा. मी शेजारच्या खोलीत संगणकापुढे बसून चुंबकातला प्रवाह वाढवत नेत असे. चुंबकाचं क्षेत्र सहा टेस्लाच्या पुढे गेलं की आतून टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

आमची प्रयोगशाळा शिरवण्याच्या कारखान्यांना लागून असलेल्या एका दुमजली इमारतीत, तळमजल्यावर होती. चुंबक म्हणजे माणसाच्या उंचीचं स्टीलचं पिंप. त्याच्या पोटात अतिसंवाहक तारेचं वेटोळं, द्रव हेलियममध्ये बुडवलेलं. तिथलं तापमान उणे दोनशे एकोणसत्तर अंश. एवढ्या थंडीत ती तार विजेला अजिबात अडवत नाही, म्हणून तिच्यातून प्रचंड प्रवाह सोडता येतो आणि तेवढंच जबरदस्त चुंबकत्व मिळतं. पण तारेचा एखादा कोपरा जरी तापला तरी खेळ संपतो. साठलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन हेलियममध्ये उतरते आणि एका लिटर द्रवाचा सातशे लिटर वायू होतो. तो बाहेर जावा म्हणून पिंपावरून एक जाड पाइप निघून थेट गच्चीवर गेला होता.

हे सगळं मामांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मामा म्हणजे आमचे तंत्रज्ञ. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कळंबोलीला. तरुणपणी तिथल्या लोखंड बाजारात क्रेन चालवत. हेलियम भरण्याचं काम त्यांच्याइतक्या हलक्या हातानं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"मॅडम, ह्यो आवाज बरा न्हाई," एक दिवस ते म्हणाले. "बाजारात क्रेनचा दोर तुटायच्या आधी असाच बोलायचा."

"तार जराशी सरकते, मामा. नव्या चुंबकातही होतं तसं."

"ह्यो काय नवा हाय व्हय?"

मला थांबायचं नव्हतं.

अतिसंवाहकता आणि चुंबकत्व यांचं सहसा पटत नाही. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की अतिसंवाहकता मरते. मी भट्टीत वाढवलेला एक स्फटिक, तांदळाच्या कणीएवढा, चुंबकात ठेवल्यावर मात्र निराळं वागला होता. क्षेत्र वाढल्यावर त्याची अतिसंवाहकता गेली, सगळ्यांची जाते तशीच. पण सात टेस्लाच्या आसपास त्याचा विजेला होणारा रोध पुन्हा उतरायला लागला. मेलेलं काहीतरी परत येत होतं. मी ते एकदाच पाहिलं होतं, आणि पडद्यावरची रोधाची रेषा शून्याला टेकायच्या आत हेलियम संपला होता. नवा हेलियम मिळायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मला दुसरं काही सुचत नव्हतं. खारघरच्या घरी जेवताना नवरा काही विचारायचा आणि मी भलतंच उत्तर द्यायचे.

खोलीत प्राणवायू मोजणारी एक पेटी होती. हेलियम गळून प्राणवायूचं प्रमाण घसरलं की ती किंचाळायची. गेल्या पावसाळ्यापासून ती उठसूट किंचाळत होती. दमट हवेनं बिघडली, असं आम्ही धरून चाललो. मेमध्येच एका मोजणीत ती तीन वेळा वाजली आणि तिन्ही वेळा मामा काम टाकून बाहेर धावले. मी वैतागले.

"मामा, काढा हो तिची पिन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काढली.

त्याच सुमारास गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. तशी सूचना मला ईमेलवर आली होती. मी ती वाचली आणि पुढच्या ईमेलकडे वळले. पाइपच्या तोंडातून पाणी आत उतरू नये म्हणून कामगारांनी त्यावर पत्रा ठोकून कडेनं सिमेंट भरलं, हे मला नंतर कळलं. वर जाऊन बघायला दोन जिने चढायचे होते, एवढंच.

मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. मामा आत पिंपाजवळ हेलियमची पातळी बघत होते, मी इकडे पडद्यासमोर. मधल्या भिंतीत काचेची खिडकी होती आणि बोलायला इंटरकॉम.

"मॅडम, पातळी लई भरभर उतरतीय."

"किती?"

"कालच्या दुप्पट. आन् पिंपाच्या गळ्याशी बर्फ धरलाय. थांबवायचं का?"

पडद्यावर सात टेस्लाचा आकडा होता आणि रेषा वाकली होती. उतरत होती. मी खुर्चीच्या टोकावर आले होते.

"पाच मिनिटं, मामा. फक्त पाच मिनिटं."

खिडकीतून त्यांनी मान हलवली. त्यानंतर लागोपाठ आवाज आले, टक् टक् टक्, जसं कुणी आतून नखांनी वाजवतंय. रेषा शून्याला टेकायला केसाएवढं अंतर राहिलं. आणि मग जमीन हादरली.

पाइपनं कोंडलेला वायू सोसला नाही. छताजवळचा जोड निखळला आणि पांढरं धुकं खोलीत कोसळलं. मामा मला दोन-तीन क्षण दिसले. ते धावले नाहीत, ओरडले नाहीत. चालून दमलेला माणूस कट्ट्यावर टेकतो तसे हळूच खाली बसले, आणि त्यांच्यावरून धुकं गेलं.

दार आत उघडणारं होतं. आतल्या दाबानं ते असं चिकटलं होतं की मी अंगाचा सगळा भार टाकला तरी तसूभर हललं नाही. भिंतीवरचं आग विझवायचं सिलिंडर मी ओढून काढलं आणि खिडकीशी आले. तिथे हात थांबला. चुंबकाजवळ लोखंड न्यायचं नाही, हा नियम वीस वर्षं अंगात मुरलेला. मग डोक्यात उजेड पडला की चुंबक आता मेलाय. मी काच फोडली.

गार धुकं तोंडावर आलं. मी हाक मारली, "मामा!" आणि माझ्या तोंडून चावी दिलेल्या बाहुलीसारखा पातळ, चिरका आवाज आला. हेलियमनं आवाज तसा होतो, प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या मुलांना आम्ही फुगे देऊन गमतीनं दाखवायचो. त्या आवाजात मी तीन-चारदा हाक मारली.

दाब उतरल्यावर दार उघडलं. श्वास रोखून मी जमिनीलगत आत गेले आणि त्यांचे पाय धरून ओढले. दारात सुरक्षारक्षक पोचला होता. त्यानं त्यांना उघड्यावर नेलं. मामांचे ओठ निळे पडले होते.

ते वाचले. पण मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नव्हता. शब्द सापडायला त्यांना वेळ लागायचा आणि उजवा हात थरथरत राहिला.

चौकशी समितीनं मला बोलावलं तेव्हा आधी मामांचा जबाब वाचून दाखवला. त्यात होतं, 'पेटीची पिन मी माझ्या मनानं काढली. मॅडमना माहीत नव्हतं. काम बंद करा असं मी म्हणालो नव्हतो.'

"तुम्हाला हे मान्य आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले. म्हणाले, "मला थोडा वेळ द्या."

दोन दिवस मी तो वेळ घेतला. मामा वर्षभरात निवृत्त होणार होते. माझी दहा वर्षं उरली होती. हा हिशेब त्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवर पडून केला होता, हे मला दिसत होतं. आणि तो मला पटत होता, याचीच मला भीती वाटली. तिसऱ्या दिवशी जाऊन मी खरं ते सांगितलं.

प्रयोगशाळा माझ्याकडून गेली. त्या दिवशीची मोजणी माझ्याकडे अजून आहे. शेवटची घसरण स्फटिकाची होती की मरणाऱ्या चुंबकाची, हे मला सांगता येत नाही. मी ती कुठेही छापली नाही.

पावसाळा संपता संपता कळंबोलीला मामांच्या मुलाच्या घरी गेले. मामा पलंगावर बसले होते. मी समितीला काय सांगितलं ते त्यांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले.

"कशाला?" अखेर ते म्हणाले. "मी... येक गोष्ट केली हुती तुमच्यासाठी. ती बी... ठेवली न्हाईत."

इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच रागावले होते. त्यांच्या सुनेनं चहा आणला. तो मी प्यायले, आणि मामा भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. सुनेनं दारातूनच सांगितलं, ते गावाला गेलेत, आता तिकडंच राहणार. मी गावाचा पत्ता मागितला.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यांनी देऊ नको म्हणून सांगितलंय."