आईच्या अक्षता आणि बाबांचा ४८६

रविवारी आमच्या कोपरखैरण्याच्या घरी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचा निकाल लागणार होता. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेरीला भाड्याच्या वन बीएचकेत जायचंय... तिथे या धुडाला जागा नाही, असं मी सांगून टाकलं होतं.

धूड म्हणजे ४८६, नव्वदच्या दशकातलं कॉम्प्युटरचं मॉडेल. आडवा, पिवळा पडलेला कॅबिनेट आणि त्याच्या डोक्यावर बसलेला अवजड मॉनिटर. आठ एमबी रॅम! समोर एक टर्बो बटण, त्याने नेमकं काय होतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, तरी लहानपणी मी ते मन लावून दाबायचे.

बाबा तळोज्याला एका कंपनीत स्टोअरला होते. ऑफिसात नवीन मशीन्स आली तेव्हा त्यांनी हा मागून घेतला आणि टेम्पोत मॉनिटर मांडीवर धरून घरी आणला. पंचेचाळिसाव्या वर्षी एका बोटाने टायपिंग शिकले. आई त्याच्या वाटेला कधी गेली नाही... फक्त दसऱ्याला त्याची पूजा करायची.

त्यावरून आमचं दरवर्षी वाजायचं. मी आयटीतली ना! "आई, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे ती, अक्षता-बिक्षता नको." ती "बरं" म्हणायची आणि मी आंघोळीला गेले की तिला हवं तेच करायची.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या शेवटच्या दसऱ्यानंतर कॉम्प्युटरनेही मान टाकली होती... सुरू व्हायचा आणि पाच मिनिटांत तापून बंद पडायचा.

म्हणून ही शेवटची संधी. कोपरखैरणे गावातले म्हात्रे मामा कॉम्प्युटर रिपेअर करतात, ते बघतील. चालला तर नेऊ, नाहीतर भंगार. बाबा वाद घालतील असं वाटलं होतं, पण ते नुसतं "ठीक आहे" म्हणाले आणि शनिवारभर कॅबिनेट पुसत बसले.

मामांनी पॉवर सप्लायचा डबा उघडला, टॉर्च मारली आणि हसायलाच लागले. "पोरी, यान तांदूल हाय गो! पंख्यान दाना अरकलाय."

मी वाकून पाहिलं. पंख्याच्या पात्यात तांदळाचा एक दाणा. बाकीचे खाली धुळीत, काही अजून कुंकवाने लालसर. वरच्या जाळीतून वर्षानुवर्षं आत पडलेल्या अक्षता...

"बघ, मी सांगत होते ना!" अगदी ओठांवर आलं होतं. पण ऐकायला आई कुठे होती... मग जे रडू आलं ते आवरेना.

मामांनी धूळ उडवायला ब्लोअर काढला. बाबा म्हणाले, "थांबा जरा." त्यांनी खिशातला रुमाल पसरला आणि एकेक दाणा वेचायला बसले. मी टॉर्च धरली. मामाही ब्लोअर मांडीवर घेऊन थांबले, त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

पंखा फिरला. काळ्या स्क्रीनवर मेमरीचे आकडे सरकले... पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला, बंद पडला नाही. बाबा समोरून हलले नाहीत.

तर, कॉम्प्युटर नव्या घरी येतोय. माझं वर्क फ्रॉम होमचं टेबल त्याला दिलंय, मी डायनिंग टेबलावर बसेन.

यंदा दसऱ्याला अक्षता मी वाहणार आहे. रुमालातल्याच, आणि आई वाहायची तिथेच, जाळीवर... पंखा अडकलाच तर म्हात्रे मामा आहेत.