एक हात वर
पावस गावाच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, शहरातली बारा माणसं मातीची घरं बांधून एकत्र राहतात. आपलं पिकवतात, आपलं खातात, दुकानातला साबणसुद्धा आणत नाहीत. सारवण आणि भातलावणी शिकवायला त्यांनी मला नेलं. वर्षभर राहून बघा, मग कायमचं ठरवू, म्हणाले. घरी सुनेच्या राज्यात मला कोपऱ्यातली खुर्ची होती. मी गेले.

त्यांचा एक नियम. महिन्यातून एकदा सगळी गोल बसतात. विषय निघाला की ज्याची हरकत असेल त्याने हात वर करायचा. एक जरी हात वर गेला तरी तो विषय महिनाभर बंद.

चौथीनंतर मी कुठे हात वर केला नव्हता. पहिलाच विषय माझ्या सुकटीचा. भाजली की एका पोरीला मळमळतं, म्हणून आवारात मासळी नको. मी हात वर केला. विषय बंद. बारा शिकलेली माणसं पुढच्या विषयाकडे वळली. मला हसू आवरेना.

मग चटकच लागली. पहाटेच्या ध्यानाला हात. राखेने दात घासायला हात, तेही माझे चारच उरलेले असताना.

वर्ष भरलं. "आजींना कायमचं ठेवायचं. कोणाची हरकत?"

माझा हात वर गेला. सवयीने.

सुकटीवाली पोरगी हसून हसून माझ्या अंगावर पडली. एक गृहस्थ म्हणाले, "त्या अजून कायमच्या नाहीत. त्यांचा हात हिशेबात धरता येत नाही."

"मग आधीचेही धरायचे नाहीत," पोरगी लगेच म्हणाली. "सुकट गेली, आजी."

"गप गो बाय. हात धरा," मी म्हटलं. "थांबेन महिनाभर."

"आणि पुढच्या वेळी मी हात वर केला तर?" पोरीने विचारलं.

"तर जाईन. सुकट घेऊन."

महिनाभर तिच्याशी गोड काही बोलले नाही, ते मला जमत नाही. सुकट मात्र वारा बघून भाजली.

पुढच्या बैठकीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. माझा विषय निघाला. पोरीचा हात वर गेला. सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने कपाळावर चापट मारली आणि हात खाली घेतला.

"डास होता, आजी."

"दिसला मला," म्हटलं, आणि मांडीखालचे हात काढले. मुंग्या आल्या होत्या.