ठाण्याच्या अंगणातलं मशीन

शिंपीणबाईंचं शिलाई मशीन चोरीला गेलं आणि आठवड्यातच चोरासकट सापडलं. ठाण्याच्या अंगणात ते दिसताच त्यांचा जीव भांड्यात पडला. पण हवालदार म्हणाला, "मावशी, हा आता मुद्देमाल आहे. कोर्टाने सांगितल्याशिवाय देता येत नाही."

मग तारखांचं शुक्लकाष्ठ मागे लागलं. कधी वकील यायचा नाही, कधी न्यायाधीश रजेवर असायचे. बाई शेजारणीच्या मशीनवर, तिचं काम आटोपलं की ब्लाउज शिवायच्या आणि तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळायच्या. मध्येच चोर जामिनावर घरी गेला.

"चोर सुटला, माझं मशीन तेवढं आत," त्या सुनेला म्हणाल्या. सून हसली, त्यांना मात्र हसूही येईना.

अखेर हुकूम आला. सुनेला घेऊन बाई ठाण्यात गेल्या. उन्हापावसात उघड्यावर पडून मशीनची पार रया गेली होती. चाक जागचं हलेना. हवालदाराने कागद पुढे केला.

"चांगल्या स्थितीत मिळालं म्हणून इथे सही करा."

बाईंनी मशीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. भांडायचं म्हणजे पुन्हा तारखा आल्या. त्यांनी मुकाट्याने सही केली आणि सुनेला म्हणाल्या, "धर गं एका बाजूने."