अहमदपूरपर्यंतची गाडी

लवकर संपणाऱ्या कामाचे किस्से होत नाहीत. आमचा कॉम्प्युटर गेम बनवायचं काम सहा वर्षं चालू आहे, त्यामुळे किस्स्यांना तोटा नाही. लातूरच्या मित्रांत बसलं की कुणीतरी विचारतंच, "मास्तर, तुमच्या एसटीचं काय झालं?" मग मी एखादा किस्सा सांगून सुटका करून घेतो.

टीम तिघांची. गजानन डाळमिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, त्याच्याकडं गेममधली गाडी. इरफान फ्लेक्सची डिझाईनं करतो, त्याच्याकडं चित्रं. मी कोचिंग क्लासला फिजिक्स शिकवतो, माझ्याकडं रस्ता. लातूरहून नांदेडला एसटी न्यायची, एवढाच गेम. दर रविवारी गजाननच्या घरी जमायचं आणि झालेलं काम अण्णांना चालवायला द्यायचं. अण्णा म्हणजे गजाननचे वडील. याच रूटवर त्यांनी बावीस वर्षं गाडी चालवली. शुगरमुळं एक पाय कापावा लागला आणि स्टेअरिंग सुटलं. गेमला पाय लागत नाहीत. त्यांची मागणी एकच होती: एकदा नांदेडच्या स्टँडात गाडी नेऊन लावायची.

*

पहिल्या वर्षी मी चाकूरपर्यंत पोचलो. मोबाईलवर शूटिंग करून आणायचो, झाडं-टपऱ्या मोजून मांडायचो, खड्डेसुद्धा अण्णांकडून तपासून घ्यायचो. तोवर खऱ्या रस्त्याचं रुंदीकरण झालं. झाडं गेली, टपऱ्या गेल्या, खड्डेही गेले.

इरफान म्हणाला, "सरकार आपल्या पुढं निघून गेलं मास्तर. असं कुठं होतं का?"

अण्णांनी मात्र आहे तोच रस्ता ठेवायला सांगितलं. त्यांना तोच पाठ होता.

*

तिसऱ्या वर्षी रस्ता अहमदपूरच्या स्टँडापर्यंत आला. त्यापुढं नुसता निळा पडदा. अण्णा तिथवर गेले, गाडी थांबवली आणि माझ्याकडं बघितलं.

"पाटी नांदेडची अन् गाडी अहमदपूरपर्यंत? पॅसेंजरला काय सांगू?"

गेममध्ये पॅसेंजर नव्हतेच! ते माझ्या यादीत रस्त्याच्या नंतर होते. तरी अण्णा अडून बसले. शेवटी पाटी बदलायचं बटण करून दिलं. तेव्हापासून निघण्याआधी ते 'अहमदपूर' लावायचे, स्टँडात दार उघडून दोन मिनिटं थांबायचे आणि रिकामी गाडी वळवून लातूरला परत आणायचे.

*

रस्ता तिथंच राहिला, कारण माझे साईड प्रोजेक्ट. अर्धापूरला मामाकडं गेलो, केळीचं लोडिंग बघितलं आणि आल्या आल्या ट्रकात घड रचायचा गेम करायला घेतला. मग फॉर्म्युल्यांचा. मग इरफानला ओढून पतंगांचा. प्रत्येक वेळी म्हणायचो, आठ दिवसांचं काम आहे.

केळीचा तेवढा पूर्ण झाला. अकरा जणांनी डाउनलोड केला. त्यांत एक गजानन, एक इरफान आणि नऊ माझे विद्यार्थी.

"मग हजेरी घेतली का?" अण्णांनी विचारलं.

ते कधी चिडले नाहीत. चहाला उतरलेला पॅसेंजर येईना की ड्रायव्हर हॉर्न देतो ना, तसं मी नवीन काही दाखवायला लागलो की अण्णा गेममधला हॉर्न वाजवायचे. "चला मास्तर, गाडी सुटायली."

*

गेल्या पावसाळ्यात अण्णांचा दुसरा पाय गेला. दवाखान्यात भेटायला गेलो तर तब्येतीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. गेममध्ये लोहा गाव आलं का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, आलंच.

आलं नव्हतं. अहमदपूरच्या पुढं मी एक झाडसुद्धा लावलं नव्हतं. त्या महिन्यात मी आणखी एका गेममध्ये गुंतलो होतो, आणि तो कशाचा होता हे आज मला आठवतही नाही. लाज वाटते, स्पष्टच सांगतो. दिवाळीपर्यंत नांदेड देतो, असा शब्द मी त्यांना तिथं दिला.

"सावकाश करा," अण्णा म्हणाले. "मी कुठं चाललोय?"

दिवाळीला आठवडा असताना ते गेले.

*

चूक शोधता यावी म्हणून आमचा गेम प्रत्येक फेरी रेकॉर्ड करून ठेवतो. तेराव्यानंतरच्या रविवारी गजाननने लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. अण्णांची शेवटची फेरी होती. ज्या रविवारी मी एक्स्ट्रा क्लास आहे म्हणून मेसेज टाकला होता, त्या रविवारची.

पाटी नांदेडची होती. चाकूर गेलं, अहमदपूर आलं. अण्णांनी गाडी स्टँडात लावली, दार उघडलं. दोन मिनिटं झाली, गाडी वळली नाही. रेकॉर्डिंग अजून सव्वा तास बाकी होतं.

आम्ही तिघं शेवटपर्यंत बसून राहिलो. दार उघडंच, इंजिन चालू, आणि थोड्या थोड्या वेळानं हॉर्न.