चांगल्या पायावरची पट्टी

चुका खूप असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर लिहायचं कधी कामच पडलं नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण माझ्यामागे पोरीच्या हाती लागलीच तर तिनं तेवढं सांभाळून घ्यावं.

भोरच्या एका शाळेत मी बास्केटबॉलच्या मैदानावर कामाला होते. मैदान मुरमाचं. दुपारी पाणी मारायचं, सकाळी खराट्यानं झाडायचं, सामना असला की पांढऱ्या फक्कीनं रेघा मारायच्या. माझी थोरली तिथंच नववीला, मुलींच्या संघात.

माझं लहानपण वेल्ह्याच्या डोंगरात गुरांमागं गेलं. खुरांच्या खुणांवरून कुठली गाय लंगडतेय ते कळायचं. ओल्या मुरमावर माणसांचंही कळतं. बाहेरगावचे संघ आदल्या संध्याकाळी आमच्याच मैदानावर सराव करायचे. एकदा सकाळी झाडायच्या आधी मी खेळ शिकवणाऱ्या सरांना, खाली मान घालूनच, म्हणाले, "त्यांची ती उंच पोरगी उजव्या अंगानंच घुसती. डावीकडं तिचं पाऊलच न्हाई."

"काय हो मावशी, भविष्य बघता का?" सर हसले. पण सामन्यात त्यांनी तिच्या उजवीकडं दोन मुली उभ्या केल्या. आम्ही जिंकलो. बक्षीस घेताना सर म्हणाले, समोरच्यांचा बारीक अभ्यास करावा लागतो. मीही टाळ्या वाजवल्या.

मग प्रत्येक सामन्याच्या सकाळी सर यायचे. "मावशी, काय म्हणतंय मैदान?" घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. इथं एवढा शिकलेला माणूस विचारत होता. मी हुरळले. झाडायच्या आधी खुणा बघत राहायचे.

त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्याच्या सकाळी माझ्याच पोरीची पावलं दिसली. उजवी टाच टेकतच नव्हती. घरी ती दुखणं लपवत होती. मी सरांना सांगितलं, ते तिला बाहेर बसवतील म्हणून.

सरांनी आवाज खाली आणला. "बाहेर बोलू नका. समोरच्या संघाला कळलं तर त्याच पायाच्या बाजूनं घुसतील."

"पण सर, तिला खेळवू नका ना."

"एक सामना, मावशी. मग महिनाभर विश्रांती."

त्यांनी पांढरी पट्टी आणली आणि सगळ्यांना दिसेल अशी तिच्या डाव्या पायाला बांधली. धडधाकट पायाला. पोरगी हसत माझ्याकडं आली, "आई, त्यांना वाटंल डावाच दुखतोय. फसत्यात बघ आता!"

फसले. सगळा सामना तिच्या डावीकडून घुसत राहिले. डावीकडं झेपावायचं तर सगळा जोर उजव्याच पायावर येतो. सरांना हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. मी पाण्याची कळशी घेऊन रेघेजवळ उभी होते. दोनदा तोंड उघडलं. एवढ्या माणसांत आवाज फुटला नाही. पोरगी दोनदा पडून उठली. तिसऱ्यांदा पडली ती उठलीच नाही.

ढाल आम्हाला मिळाली.

पुण्याला तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पैसे सरांनी दिले. "राहू द्या, सवडीनं बघू," म्हणाले. आणि मग शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात, मी खुर्च्या मांडत असताना, पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या मावशींच्या मुलीचा खर्च मीच केला." लोक माझ्याकडं वळून बघायचे आणि मला मान हलवावी लागायची. पोरीचा खेळ सुटला. उतारावर ती अजून बाजूनं पाय टाकते.

आमचे मालक म्हणायचे, "कशाला फेडायचं? त्यानंच मोडला पाय." पण पट्टी त्यानं बांधली, टाच मी दाखवली होती. ते मी मालकांना कधी सांगितलं नाही. पोरीलाही नाही. शाळा सांभाळून चार पावसाळे भातलावणीला गेले, उन्हाळ्यात सारोळ्याच्या पुलाजवळ एका हॉटेलात भांडी घासली.

शेवटची रक्कम घेऊन गेले तेव्हा सर मैदानावरच होते. नव्या मुली, नवी फक्की. पैसे न मोजता खिशात घालत त्यांनी सवयीनं विचारलं, "काय म्हणतंय मैदान?"

आदल्या संध्याकाळच्या सगळ्या खुणा मी न बघताच झाडून टाकल्या होत्या. "काय न्हाई," म्हणाले. "पैसे मोजून घ्या, सर."

त्यांनी मोजले. पुरे होते.